रघुजी भोसल्यांची फिरंग आणि आमचा हरवलेला गोळा



आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. इतिहासाच्या व्यासपीठावर उभं राहण्याचा अधिकार आम्हाला तसा नाही. तरीही संयोजकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही रघुजी भोसल्यांची तलवार हा विषय सांगितला. त्यामागे एक चूक आहे. ती आमची स्वतःचीच आहे, म्हणून आधी तीच सांगतो.

चाळीसेक वर्षं झाली. जूनमध्ये कॉलेज उघडलं आणि दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी कापडी पिशवी घेऊन आमच्या खोलीत आला. पिशवीतून त्यानं एक लोखंडी गोळा काढून टेबलावर ठेवला. मोठ्या मोसंबीएवढा असेल. "सर, नांगरटीत सापडला वावरात. बाबा म्हनत होते, कायचं तरी वजन असन. मले वाटलं, तुमाले दाखवावं." आम्ही उचलून पाहिला, अडीच-तीन किलो भरला असता. तोफेचा गोळा आहे हे कळायला विद्वत्ता लागत नव्हती. आम्ही पोराची पाठ थोपटली, गोळा ठेवून घेतला आणि मग काय केलं? पॉलिशपेपरनं त्याचा गंज घासून काढला, घासलेटनं पुसला आणि पंख्यानं कागद उडू नयेत म्हणून टेबलावर ठेवून दिला. आल्यागेल्याला कौतुकानं दाखवायचो. काही वर्षांनी खोली बदलली. दिवाळीच्या सुटीत सामान हललं, जुन्या लोखंडी कपाटांबरोबर तो गोळाही भंगारात गेला. नेणाऱ्याचा दोष नाही. हे काय आहे असं सांगणारी एक चिठ्ठीसुद्धा आम्ही त्याला लावलेली नव्हती.

पण गोळा हरवला ही खरी चूक नव्हे. गाव कोणतं, शेत कोणाचं, किती खोलीवर सापडला, हे आम्ही त्या मुलाला विचारलंच नाही. ज्ञान म्हणजे काय, ते कशानं सिद्ध होतं, हे शिकवण्याचा पगार आम्ही घेत होतो, आणि समोर आलेल्या पुराव्याला चार प्रश्न विचारायचं आम्हाला सुचलं नाही. मुलगा पांढरकवड्याकडचा होता एवढंच आठवतं.

आता पांढरकवडा म्हटल्यावर इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक तारीख आठवते. १७ एप्रिल १८१८. त्या दिवशी पांढरकवड्याजवळ शिवणी येथे कर्नल अ‍ॅडम्सच्या फौजेनं दुसऱ्या बाजीरावांना गाठलं. खडकी, येरवडा, कोरेगाव, अष्टी अशा लढाया मागे पडल्या होत्या. सेनापती बापू गोखले अष्टीला फेब्रुवारीतच पडले होते. नागपूरकर अप्पासाहेब भोसल्यांची गाठ पडावी आणि चांद्याचा किल्ला आसरा द्यावा या आशेनं पेशवे आपल्या भागात आले होते. ती आशा फळली नाही. उरल्यासुरल्या तोफा, हत्ती, उंट गमावून ते निसटले आणि जूनच्या सुरुवातीला माल्कमच्या स्वाधीन झाले. म्हणजे पेशवाईचा शेवटचा दम ज्या मातीत तुटला, ती आपल्या जिल्ह्याची माती आहे. आमच्या टेबलावरचा गोळा त्या दिवसाचा होता का? असेल. नसेलही. कुण्या गढीच्या बुरुजावरून आधीच्या शतकात सुटलेला असू शकेल. तो ओतीव होता की घडीव, साच्याची रेघ होती का, वजन कंपनीच्या सहा पौंडी तोफेच्या गोळ्याशी, म्हणजे पावणेतीन किलोंशी जुळत होतं का, हे सगळं पाहता आलं असतं. शेताचं नाव कळलं असतं तर शेजारच्या चार शेतांत विचारपूस करता आली असती. आम्ही त्याचा पेपरवेट केला.

ही जखम मनात असताना २०२५ साल उजाडलं आणि रघुजीराजांच्या तलवारीची बातमी आली.

हकीकत आपल्याला माहीत आहे, थोडक्यात सांगतो. २९ एप्रिल २०२५ रोजी लंडनला सदबीज या लिलावगृहात एक तलवार विक्रीला होती. पात्यावर सोन्यानं देवनागरी अक्षरं आणि त्यात नागपूरकर भोसल्यांचं नाव. लिलावाची खबर इथं पोहोचेपर्यंत वेळ जवळजवळ उरला नव्हता. महाराष्ट्र शासनानं मध्यस्थामार्फत बोली लावली आणि सगळा खर्च धरून सुमारे ४७ लाख १५ हजार रुपयांना ती घेतली. ऑगस्टमध्ये सांस्कृतिक कार्यमंत्र्यांनी लंडनला जाऊन ताबा घेतला आणि १८ ऑगस्टला तलवार मुंबईत उतरली. लिलावातून अशी वस्तू शासनानं परत मिळवल्याबद्दल सगळीकडे आनंद झाला. आम्हालाही झाला.

ती वस्तू नीट पाहू. पातं सरळ, एकधारी, युरोपीय बनावटीचं. मूठ मुल्हेरी घाटाची, तिच्यावर सोन्याचं कोफ्तगारी काम. पात्याच्या पाठीवर, मुठीजवळ लेख आहे, त्यात श्रीमंत रघोजी भोसले, सेनासाहेबसुभा हे शब्द येतात आणि शेवटी येतो 'फिरंग' हा शब्द. फिरंग म्हणजे फिरंग्यांकडून आलेलं पातं. जर्मनीतलं झोलिंगेन, स्पेनमधलं टोलेडो, इटलीतलं जेनोवा अशा गावांत पाती घडायची, व्यापाऱ्यांच्या गलबतांतून पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांत उतरायची आणि आपल्याकडे त्यांना देशी मूठ चढायची. सरळ लांब पातं घोडेस्वाराला खुपसायला बरं पडे, म्हणून मराठी सरदारांना ते प्रिय होतं. तेव्हा जिला आपण 'आपली' म्हणून परत आणलं, तिचं पोलाद जन्मानं युरोपातलं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. उलट लेख कोरणाऱ्यानं 'फिरंग' हे नाव सोन्यात लिहिलं, लपवलं नाही.

आणि हे रघुजी आपल्याला परके नाहीत. आपण त्यांना नागपूरचे म्हणतो, पण त्यांच्या भाग्याचा पहिला मोठा डाव यवतमाळ जिल्ह्यात पडला. सेनासाहेबसुभा हे पद शाहू महाराजांनी प्रथम परसोजी भोसल्यांना दिलं. त्यांच्यामागून कान्होजी आले. कान्होजींचं ठाणं होतं आपल्या जिल्ह्यातल्या भामला. पुढे कान्होजींचं आणि साताऱ्याचं फाटलं. शाहू महाराजांनी त्याच घराण्यातल्या तरुण रघुजींना त्यांच्यावर पाठवलं. १७३०च्या सुमारास रघुजी वऱ्हाडात आले, भाम सोडून निघालेल्या कान्होजींना त्यांनी वणीजवळ मंदर येथे गाठलं आणि कैद केलं. कान्होजी साताऱ्याला गेले आणि सेनासाहेबसुभा हा किताब रघुजींच्या नावापुढे लागला. पात्यावरचा तो शब्द वाचताना भाम आणि मंदर ही दोन गावं ज्याला आठवतील, तोच ती तलवार पुरती वाचील. पुढची दौड मोठी आहे. १७४०-४१ साली कर्नाटकात जाऊन त्रिचनापल्ली, मग चांदा, देवगड, बंगालवर स्वाऱ्यांमागून स्वाऱ्या आणि १७५१च्या तहानं ओरिसा व बंगालची बारा लाखांची चौथाई. आपण अभिमानानं सांगतो हे, सांगावंही. पण बंगालच्या खेड्यांत त्याच स्वाऱ्यांची आठवण 'बर्गी' या शब्दात राहिली आहे आणि तो शब्द तिथल्या आया मुलांना निजवताना भीती म्हणून वापरत आल्या. तलवारीला दोन बाजूंच्या आठवणी असतात. रघुजी १७५५ साली वारले.

आता खरा प्रश्न. १७५५ साली ज्याचा मालक गेला, ते पातं लंडनला गेलं कसं?

बातमीबरोबर उत्तरही आलं होतं. १८१७ साली सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांनी नागपूरच्या भोसल्यांचा खजिना आणि शस्त्रं लुटली, त्यात ही गेली असावी. मूळ वाक्यात 'असावी' होतं. पण आठ दिवसांत ते गळून पडलं. आम्ही भाषणांत ऐकलं, फलकांवर वाचलं: सीताबर्डीच्या रणांगणावर लुटलेली तलवार.

इथं आम्हाला आमचा धंदा आठवतो. न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधनं सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. तलवारीवरचा लेख आपण डोळ्यांनी वाचतो, ते प्रत्यक्ष. ती १८१७च्या लुटीत गेली, हे मात्र अनुमान आहे. आणि अनुमानाला व्याप्ती लागते. जिथं जिथं धूर तिथं तिथं अग्नी, हे पक्कं असेल तरच डोंगरावरच्या धुरावरून अग्नी सिद्ध होतो. इथं व्याप्ती कोणती? जे जे मराठी शस्त्र विलायतेत आहे, ते ते लढाईच्या लुटीतलं आहे. हे टिकतं का बघा.

महाराष्ट्रात जुलै २०२४मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं तीन वर्षांच्या मुदतीवर आली. त्यांच्याबरोबर एक जुनी पेटी आहे, तिच्यावर लेख आहे. त्यानुसार ती साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याला पेशव्यांच्या मंत्र्याकडून भेट मिळाली. म्हणजे विलायतेत गेलेलं एक शस्त्र तरी भेट म्हणून गेल्याचा दाखला आहे. हीच वाघनखं शिवाजी महाराजांनी अफझलखानावर वापरली हे सिद्ध झालेलं नाही, असं ते संग्रहालय स्वतः सांगतं. गंमत बघा, वाघनखांना वाट आहे पण नाव नाही. फिरंगेवर नाव आहे पण वाट नाही. आणि आमच्या गोळ्याला दोन्ही नव्हतं.

दुसरी वाट. तिसरे रघुजी डिसेंबर १८५३मध्ये वारले. औरस वारस नाही या सबबीवर डलहौसीनं १८५४ साली नागपूरचं राज्य खालसा केलं. त्यानंतर राजवाड्यातली चीजवस्तू बाहेर काढली गेली. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात विकले, जडजवाहीर कलकत्त्याला विक्रीला गेलं. वृद्ध राणी बाकाबाईंनी सामान हलवायला कडवा विरोध केला, तो चालला नाही. एखादी सोनेरी मुठीची तलवार तेव्हा गेली नसेल कशावरून? तिसरी वाट आणखी साधी. राज्यं गेल्यावर परिस्थिती खालावलेल्या घराण्यांनी आपली शस्त्रं हळूहळू विकली. आमच्या व्याप्तीला असे व्यभिचार सापडतात. नैयायिक अशा हेतूला सव्यभिचार म्हणतात आणि त्यावरून काढलेलं अनुमान टाकून देतात.

आम्ही हे बोललो की काही जण रागावतात. "म्हणजे सर, तुम्ही इंग्रजांना सोडता?" मुळीच नाही. उलट आमचं म्हणणं असं की रणांगणाचा हट्ट धरून आपणच त्यांना स्वस्तात सोडतो. लढाईनंतर शिपायानं तलवार उचलणं ही लुटीची सगळ्यात साधी जात आहे. कंपनीच्या लुटीला कचेरी होती. जिंकलेल्या मालाची मोजदाद करायला फौजेत खास अधिकारी नेमत, त्यांना प्राइज एजंट म्हणत. माल विकून हुद्द्याप्रमाणे वाटे पडत. १८१७-१८च्या युद्धातल्या लुटीला 'डेक्कन प्राइज' हेच नाव पडलं, त्यात नाशिकचा तो प्रसिद्ध हिराही होता आणि तो १८१८ सालीच लंडनला विकला गेला. हा पैसा कोणत्या फौजेचा, यावरून त्यांचे सेनापती आपसात भांडले. वाटपासाठी जे विश्वस्त नेमले त्यांत ड्यूक ऑफ वेलिंग्टन होता, म्हणजे १८०३ साली आपल्या वऱ्हाडात अडगाव आणि गाविलगड जिंकणारा तोच आर्थर वेलस्ली. खटला इंग्लंडच्या न्यायालयात १८३१पर्यंत पोहोचला. तिथं विषय हा नव्हता की माल घेतला तो न्यायानं की अन्यायानं. लूट राजाची, त्यानं ती हवी तशी वाटावी, एवढाच निवाडा. 'लूट' हा आपला शब्द त्यांच्या भाषेत जाऊन बसला तो उगाच नाही.

आणि १८५४ साली तर लढाईही नव्हती. एक राज्य कागदावर बुडवलं आणि म्हाताऱ्या राणीसमोर तिच्या घरातल्या वस्तूंवर बोली लावली. तलवार त्या वाटेनं गेली असेल तर अन्याय कमी होत नाही. आम्हाला विचाराल तर वाढतो. म्हणून 'सीताबर्डीची लूट' हे वाक्य देशभक्तीसाठी गरजेचं आहे, असं आम्हाला वाटत नाही. उद्या एखादा कागद निघाला आणि वाट वेगळी ठरली, तर आपल्या खऱ्या दाव्यांवरही लोक हसतील. परदेशातून वस्तू मागायच्या असतील, तर आपली वाक्यं पक्की पाहिजेत.

कारण कायदा आपल्याला फारशी मदत करत नाही. सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७०चा, भारतानं तो १९७७ साली मान्य केला. पण तो मागे लागू होत नाही. १८१७ आणि १८५४ त्याच्या कक्षेत येत नाहीत. म्हणून आपलीच तलवार आपल्याला बोली लावून घ्यावी लागली. हे काहींना अपमानाचं वाटलं. आम्हालाही क्षणभर वाटलं. पण ती बोली लावली नसती तर कुण्या संग्राहकाच्या भिंतीवर ती गेली असती आणि आज आपण तिच्यावर बोलतही नसतो.

संग्राहकांबद्दल एक गोष्ट सांगतो. त्यांच्या बाजारात एक पदक फिरतं, 'आर्मी ऑफ इंडिया' पदक. चांदीचं. १८०३ ते १८२६च्या लढायांसाठी १८५१ साली मंजूर झालं, तेही जे तोवर जिवंत राहिले आणि ज्यांनी मागणी केली त्यांनाच. फितीवर लढाईच्या नावाची पट्टी असते: अडगाव, गाविलगड, सीताबर्डी, नागपूर. कडेवर शिपायाचं नाव आणि पलटण कोरलेली. त्यामुळे आज कुणाच्याही हाती ते पडो, रजिस्टर उघडून तो माणूस शोधता येतो. बहुसंख्य पदकं गोऱ्यांना गेली. ज्या देशी शिपायांच्या जिवावर या लढाया जिंकल्या, त्यांतले फार थोडे इतकी वर्षं अर्ज करायला जगले. आणि आमच्या शिवणीच्या लढाईची पट्टी त्या पदकावर नाहीच. जिंकणाऱ्यांनीही ती मोजली नाही. मग तिची आठवण कोणी ठेवायची? आपणच. आणि ती कशात असेल? आपल्या वावरात, आपल्या गढ्यांच्या मातीत, देवघरात दसऱ्याला पुजल्या जाणाऱ्या गंजक्या पात्यांत.

म्हणून शेवटी थोडं व्यवहाराचं बोलतो. या जिल्ह्यात नांगराला, जेसीबीला, विहिरीच्या खोदकामात काही ना काही लागतंच. लागलं की आपण तीन गोष्टी करतो: घासतो, देवापाशी ठेवतो किंवा विकतो. घासू नका. गंजातसुद्धा माहिती असते, आम्ही ती पॉलिशपेपरनं पुसून टाकली. वस्तू उचलण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. गाव, गट क्रमांक, खोली, तारीख आणि ज्याच्या हाताला लागलं त्याचं नाव एका कागदावर लिहा. जमिनीत गाडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी, असा १८७८चा निखात निधीचा कायदा आहे. आणि १९७२च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. "फॉरेनचा गिऱ्हाईक आहे" म्हणणारा दलाल दारी आला तर हे त्याला ऐकवा. घरात पिढीजात तलवार असेल तर ती कुणाची, कुठून आली, आजीनं काय सांगितलं, ते आजच लिहून काढा. न्यायदर्शनात ज्याला 'शब्द' म्हणतात, विश्वासू माणसाचा शब्द, तो हाच. आजी आहे तोवरच तो मिळतो.

फिरंगेवर लिहिणाऱ्यानं सोन्यात चार-पाच शब्द लिहिले, म्हणून पावणेतीनशे वर्षांनी ती कुणाची हे आपल्याला सांगता आलं. आम्हाला तर सोनं लागणार नव्हतं. पेन खिशात होतं.

तो विद्यार्थी आता साठीच्या आसपास असेल. कदाचित बापाचं ते वावर अजून त्याच्याकडेच असेल. ही व्याख्यानं छापून सगळीकडे जातात म्हणून सांगतो: बाबा रे, हे तुझ्या वाचनात आलं तर एक पोस्टकार्ड टाक. गाव कोणतं आणि शेत कोणतं, एवढंच लिही. गोळा आम्ही घालवला, त्याची माफी मागायला आम्ही तिथंवर येऊ.